डोकेदुखीचा जमाखर्च : ‘बरे वाटते’ हे मोजायचे कसे?



गेल्या गणेशोत्सवात आरती झाल्यावर प्रसादाच्या रांगेत आम्ही चौघीजणी उभ्या होतो. ढोल-ताशाने एकीचे डोके दुखू लागले. तिने विचारले, “कुणाकडे गोळी आहे का गं?” आणि तीन पर्स एकदम उघडल्या! हसू आले खरे, पण घरी येताना विचार करत राहिले. तिघींच्याही पर्समध्ये गोळी कायमची मुक्कामाला होती. त्यातल्या एकीला मी विचारले, “उपचार चालू आहेत ना तुझे? फरक किती पडला?” ती म्हणाली, “काय माहीत! कधी बरं असतं, कधी नसतं.”

हेच उत्तर मी स्वतः कित्येक वर्षे देत आले. मग एका डॉक्टरीणबाईंनी मला वही घालायला लावली आणि त्या वहीने माझे उत्तर बदलले. आपल्या संपादकांना हे कळल्यावर त्यांनी आग्रह धरला, “वहिनी, आरोग्य आणि अर्थ या दोन्ही सदरांत बसेल असा हा विषय आहे, लिहाच.” म्हणून हा लेखनप्रपंच. मी डॉक्टर नाही. मुसफ्फामधल्या एका व्यापारी कंपनीत मी हिशेब बघते, राहते मोहम्मद बिन झायद सिटीत, आणि वीस वर्षांपासून मला अर्धशिशी आहे. तेव्हा हिशेबाची बाजू माझी आणि वैद्यकाची बाजू मी शिकलेली, असे समजून वाचावे.

‘ठीक है’ या शब्दाची किंमत

आपल्या भागातल्या दवाखान्यात डॉक्टर बहुधा केरळचे, इजिप्तचे किंवा पाकिस्तानचे. आपण मराठीत विचार करतो, हिंदीत सांगतो, आणि ते इंग्रजीत लिहून घेतात. मराठीत डोके ‘दुखते’, ‘ठणकते’, ‘जड होते’, ‘भणभणते’, त्यात ‘कळ येते’, ‘घण मारल्यासारखे होते’. या प्रत्येक शब्दाचा अर्थ वेगळा. हिंदीत उतरताना सगळ्याचे ‘सरदर्द’ होते. दुखण्याचा प्रकार असा वाटेतच हरवतो.

सुधारणेचेही तसेच. डॉक्टर विचारतात, “कैसा है अब?” आपण म्हणतो, “ठीक है.” या ‘ठीक है’ मध्ये काय काय असते बघा. डॉक्टरांना वाईट वाटू नये म्हणून म्हटलेले ‘ठीक है’, बाहेर वीस माणसे ताटकळली आहेत म्हणून म्हटलेले ‘ठीक है’, आणि खरोखरच बरे वाटते म्हणून म्हटलेले ‘ठीक है’. ऐकणाऱ्याला तिन्ही सारखीच.

माझी सवय उलटी होती. मी दर वेळी “कुछ फरक नहीं” म्हणायची. डोके एकदाही दुखले नाही तरच ‘फरक’, अशी माझी मनातली व्याख्या होती. या सवयीपायी मी दोन वेळा चांगला चाललेला उपचार अर्धवट सोडला असावा, असे आता वाटते. खात्रीने सांगता येत नाही, कारण तेव्हाची नोंदच नाही.

मोजमाप रुग्णाच्या शब्दावरच

रक्तदाब यंत्राने कळतो, साखर रक्तातून कळते. अर्धशिशीला असे यंत्र नाही. स्कॅन बहुधा स्वच्छ येतो. (तो काढतात तो दुसरा काही आजार नाही ना, हे बघण्यासाठी.) म्हणजे आजार किती आणि सुधारणा किती, याचा एकमेव साक्षीदार रुग्ण स्वतः. साक्षीदार प्रामाणिक असला तरी त्याची आठवण कच्ची असते, ही खरी अडचण.

मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि डॉक्टर डोनाल्ड रेडेलमायर यांनी १९९६ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्रासदायक तपासणी चालू असताना रुग्णांकडून दर मिनिटाला वेदनेचा आकडा घेतला आणि नंतर विचारले, “एकूण त्रास किती झाला?” तेव्हा असे दिसले की लोकांच्या आठवणीत दोनच गोष्टी राहतात : सर्वांत तीव्र क्षण आणि शेवटचे काही क्षण. तपासणी किती वेळ चालली याचा आठवणीवर जवळजवळ परिणामच नाही.

आता हे डोकेदुखीला लावून बघा. महिन्यातले २५ दिवस बरे गेले आणि दवाखान्याच्या आदल्या रात्री जोराचा झटका आला, तर सकाळी आपण काय सांगणार? “काहीच उपयोग नाही!” उलट, महिनाभर त्रास झाला पण शेवटचे तीन दिवस शांत गेले, तर “खूप बरं आहे.” दोन्ही उत्तरे मनापासूनची, आणि दोन्ही चूक.

आणखी एक फसगत आहे. आपण डॉक्टरकडे केव्हा जातो? त्रास शिगेला पोचल्यावर. अर्धशिशी मुळातच कमीजास्त होणारी. त्यामुळे सर्वांत वाईट महिन्यानंतरचा महिना काही न करताही थोडा बरा जाण्याची शक्यता असते. त्या सुधारणेचे श्रेय मग जे काही चालू असेल त्याला मिळते, मग ती गोळी असो, काढा असो की शेजारणीने सांगितलेला लेप असो.

नावाचाही परिणाम होतो. २०१४ साली बोस्टनच्या संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अर्धशिशीच्या ६६ रुग्णांना वेगवेगळ्या झटक्यांच्या वेळी वेगवेगळ्या पाकिटांतून गोळ्या दिल्या. कधी आत खरे औषध, कधी नुसती औषधाविना गोळी, आणि पाकिटावरचे नाव कधी खरे, कधी खोटे, कधी संदिग्ध. खऱ्या औषधावर ‘हे औषध नाही’ असे लिहिले तर त्याचा गुण कमी आला. औषध नसलेल्या गोळीवर औषधाचे नाव लिहिले तर तिचाही गुण आला, आणि तो जवळजवळ त्या चुकीचे नाव लावलेल्या औषधाइतका! खरे औषध खऱ्या नावाने दिले तेव्हा सर्वांत चांगला गुण आला, हेही खरे. म्हणजे आपली समजूत आपल्या ‘बरे वाटण्यात’ भागीदार असते. तिला हाकलून देता येत नाही. हिशेबात धरता येते.

पहिले मोजमाप : रोजची वही

डॉक्टरीणबाईंनी माझे ऐकून घेतले आणि विचारले, “आप अकाउंट्स में हैं ना? बिना एंट्री के बॅलन्स बताती हैं क्या?” मी गप्प. मग त्यांनी सांगितले : चार आठवडे काहीही बदलू नका, फक्त लिहा. या कोऱ्या चार आठवड्यांशिवाय पुढच्या कशाचीच तुलना होत नाही. आपल्या भाषेत ही आरंभीची शिल्लक. (डोकेदुखी धोक्याच्या प्रकारची नसेल तरच हे थांबणे योग्य. त्याविषयी शेवटी लिहिले आहे.)

वहीत मी सहा रकाने आखले :

१. तारीख आणि वार.
२. तीव्रता. ० म्हणजे नाही. १ म्हणजे दुखते पण काम चालू. २ म्हणजे काम अडते. ३ म्हणजे अंथरूण धरावे लागते.
३. किती तास.
४. कोणती गोळी, किती.
५. सोबतचा त्रास : मळमळ, उलटी, उजेड सहन न होणे, आवाज सहन न होणे.
६. शेरा : पाळी, जागरण, उपास, ऊन, प्रवास, चहा चुकला वगैरे.

नियम एकच. रात्री झोपण्यापूर्वी दोन मिनिटे, आणि ज्या दिवशी दुखले नाही त्या दिवशीही ‘०’ लिहायचे. शून्य न लिहिल्यास पंधरा दिवसांनी तो दिवस बरा गेला होता की लिहायचे राहिले होते, हे कळत नाही.

चार आठवड्यांनी बेरीज केली. दुखीचे दिवस १८. त्यातले तीव्रता ३ चे दिवस ७. गोळी घेतलेले दिवस १४. हा शेवटचा आकडा बघून मलाच धक्का बसला. विचारले असते तर मी शपथेवर “आठवड्यातून एखाद-दुसरी” असे सांगितले असते.

डॉक्टरीणबाईंनी त्या १४ वर लाल खूण केली. भारतातून येताना डबीभर आणलेली ती मिश्र गोळी होती, म्हणजे एकाच गोळीत दोन-तीन वेदनाशामके आणि कॅफिन. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाप्रमाणे, मुळात डोकेदुखी असलेल्या माणसाने अशा मिश्र गोळ्या किंवा ट्रिप्टान गटातल्या गोळ्या महिन्यात १० किंवा अधिक दिवस, अथवा साध्या पॅरासिटामॉलसारख्या गोळ्या १५ किंवा अधिक दिवस, अशा तीन महिन्यांहून जास्त घेतल्या आणि महिन्यात १५ किंवा अधिक दिवस डोके दुखत असले, तर ती गोळीच्या अतिवापराची डोकेदुखी असू शकते. ज्या गोळीने आज बरे वाटते तीच उद्याचे दुखणे आणते. ‘बरे वाटले का?’ या एका प्रश्नावर विसंबले तर ही गोळी दर वेळी पहिल्या वर्गात पास होते. वहीमुळे ती पकडली गेली.

दुसरे मोजमाप : कामाचे किती नुकसान?

वॉल्टर स्ट्युअर्ट आणि रिचर्ड लिप्टन या अमेरिकन संशोधकांनी १९९९ च्या सुमारास ‘मायडास’ नावाची छोटी प्रश्नावली तयार केली. मागच्या तीन महिन्यांबद्दल पाच प्रश्न, आणि उत्तर दिवसांत द्यायचे :

नोकरी किंवा शाळा किती दिवस बुडाली? गेलात, पण काम निम्म्यावर आले असे आणखी किती दिवस? घरकाम अजिबात झाले नाही असे किती दिवस? घरकाम निम्मेच झाले असे आणखी किती दिवस? कुटुंबाचे, समारंभाचे, करमणुकीचे कार्यक्रम किती दिवस चुकले?

पाचांची बेरीज करायची. ० ते ५ म्हणजे त्रास नगण्य, ६ ते १० सौम्य, ११ ते २० मध्यम आणि २१ किंवा जास्त म्हणजे तीव्र. माझी बेरीज ४ + ९ + ६ + ८ + ५ = ३२ आली. त्या शेवटच्या ५ मध्ये लेकीच्या शाळेचे स्नेहसंमेलन होते. आकडा मांडेपर्यंत आपण काय काय गमावतो आहोत, हे मी कधी एका ओळीत वाचले नव्हते.

दुसरी प्रश्नावली ‘हिट-सिक्स’. तीत सहा प्रश्न आहेत : तीव्र वेदना, रोजची कामे, आडवे पडावेसे वाटणे, थकवा, वैताग आणि एकाग्रता यांबद्दल. ‘कधीच नाही’ ते ‘नेहमी’ अशा पाच पायऱ्यांना ६, ८, १०, ११ आणि १३ गुण. म्हणून एकूण गुण कमीत कमी ३६ आणि जास्तीत जास्त ७८. ४९ पर्यंत परिणाम नाममात्र, ५० ते ५५ थोडा, ५६ ते ५९ बराच, ६० च्या पुढे गंभीर. माझे ६६ होते. एक-दोन गुणांच्या चढउताराने नाचू नये किंवा खचू नये. या दोन्हींचे छापील नमुने डॉक्टरांकडून मिळू शकतात.

तिसरे मोजमाप : एकच प्रश्न, सात पायऱ्या

आता मूळ मुद्दा. हे सगळे आकडे झाल्यावरही रुग्णाला सरळ विचारायचे असते : “उपचार सुरू केल्यापासून तुम्हाला स्वतःला एकंदर कसे वाटते?” संशोधनात याला ‘पेशंट ग्लोबल इम्प्रेशन ऑफ चेंज’ म्हणतात. याचे मूळ मानसोपचारात आहे. विल्यम गाय यांनी १९७६ साली अमेरिकेत संकलित केलेल्या पुस्तिकेत डॉक्टरांनी रुग्णाबद्दल भरायची अशी मोजपट्टी होती. पुढे तोच प्रश्न रुग्णालाच विचारला जाऊ लागला. मी मराठीत पायऱ्या अशा केल्या आहेत :

१. खूपच बरे
२. बरेच बरे
३. थोडे बरे
४. जसेच्या तसे
५. थोडे वाईट
६. बरेच वाईट
७. खूपच वाईट

आमच्या घरी मी हा प्रश्न आणखी दोघांना विचारते, यजमानांना आणि लेकीला. तिघांनी वेगवेगळ्या चिठ्ठीवर आकडा लिहायचा आणि मग उघडायच्या. निर्णय रुग्णाच्या आकड्यावरच. पण घरच्यांचा आकडा फार वेगळा आला तर बोलण्यासारखे काहीतरी असते.

एक सूचना. चिठ्ठी लिहिण्याआधी वही चाळायची. नाहीतर कानेमन यांनी सांगितलेली तीच फसगत, शेवटचा झटका बाकी सगळ्या दिवसांना झाकून टाकतो.

माझ्या वहीतले चार महिने

चार आठवड्यांचा एक महिना धरून :

कोरा महिना (ऑक्टोबर) : दुखीचे दिवस १८, तीव्र ७, गोळीचे १४.
दुसरा महिना : दुखीचे २०, तीव्र ८, गोळीचे ६.
तिसरा महिना : दुखीचे १४, तीव्र ४, गोळीचे ५.
चौथा महिना : दुखीचे ९, तीव्र २, गोळीचे ४.

मिश्र गोळी बंद करून मला रात्री घ्यायची प्रतिबंधक गोळी, अमिट्रिप्टिलिन, अगदी कमी मात्रेत दिली होती. (ही माझ्या प्रकृतीला दिलेली, कुणीही माझे बघून घेऊ नये.) दुसऱ्या महिन्यात त्रास वाढला. हे होऊ शकते, असे डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितले होते. सवयीची गोळी सोडल्यावर सुरुवातीला डोके जास्त दुखते, आणि प्रतिबंधक औषधाचा गुण कळायला साधारण दोन-तीन महिने द्यावे लागतात. सांगितले नसते तर मी तिथेच सोडले असते.

तिसऱ्या महिन्याच्या शेवटी तपासणी होती. आदल्या रात्री झटका येऊन गेलेला. दवाखान्याच्या वाटेवर मझ्यद मॉलच्या सिग्नलला मी यांना म्हणाले, “आता बस झालं. गोळी बंद करते. सुट्टीत पुण्याला जाऊन आयुर्वेदाचं बघू.” हे म्हणाले, “तुझा निर्णय. पण आधी वही दाखव.” डॉक्टरीणबाईंनी विचारले आणि सवयीने तोंडून गेले, “कुछ फरक नहीं.” त्यांनी वही माझ्यासमोर ठेवली. “तीव्र दिवस सात के चार हो गये. ये तीन दिन किसके हैं?” माझ्याकडे उत्तर नव्हते. ते तीन दिवस मी बिछान्याऐवजी ऑफिसात आणि स्वयंपाकघरात घालवले होते आणि माझ्या लक्षातही नव्हते. बरा गेलेला दिवस आठवणीत खूण ठेवत नाही.

मी थांबले. चौथ्या महिन्यात १८ चे ९ झाले, म्हणजे ५० टक्के घट. अर्धशिशीच्या प्रतिबंधक औषधांच्या चाचण्यांत ‘दिवस निम्म्यावर येणे’ हीच गुण आल्याची नेहमीची खूण धरतात.

पण त्या दिवशी सात पायऱ्यांच्या चिठ्ठीवर मी ३ लिहिले, ‘थोडे बरे’. लेकीने १ लिहिले होते! डॉक्टरीणबाईंनी या वेळी माझा आकडा खोडून काढला नाही. त्यांनी विचारले, दिवस निम्मे झाले तरी ‘थोडेच’ का? तेव्हा मी पहिल्यांदा सांगितले की सकाळी नऊपर्यंत डोळे उघडत नाहीत, गाडी चालवताना भीती वाटते, तोंड कोरडे पडते. दुखीच्या वहीत याला रकानाच नव्हता. गोळी झोपायच्या वेळेऐवजी दोन तास आधी घ्यायला सांगितले. पुढच्या महिन्यात दुखीचे दिवस तेवढेच राहिले, पण माझी चिठ्ठी ३ वरून २ झाली.

मार्चअखेर मायडास पुन्हा भरले : १ + ३ + २ + ३ + १ = १०. हिट-सिक्स ६६ वरून ५५. तरी मनात शंका होती की हा गुण थंडीचा तर नाही? येथे ऑक्टोबरनंतर हवा सुधारतेच. म्हणून जूनपर्यंत वही चालू ठेवली. भर उन्हाळ्यात आकडा १० आला. नऊ आणि दहात भांडण नको. गुण टिकला आहे, असे आम्ही मानले.

आकडा आणि मन जुळत नाही तेव्हा

जिथे वही आणि चिठ्ठी जुळतात तिथे काम सोपे. जुळत नाहीत तिथे नीट विचारावे लागते.

वही बरी, चिठ्ठी वाईट : औषधाचा दुसरा त्रास आहे का? झोप, मन उदास, वजन? की ज्याचा सर्वांत जास्त त्रास होतो ते लक्षण तसेच आहे? एखादीला वेदनेपेक्षा उलटीचा त्रास मोठा असतो. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनीही २०१८ च्या मार्गदर्शनात झटक्यावरच्या औषधाची परीक्षा घेताना दोन तासांत वेदना पूर्ण थांबणे आणि रुग्णाने स्वतः निवडलेले सर्वांत त्रासदायक लक्षण जाणे, या दोन्ही गोष्टी बघाव्यात असे म्हटले आहे.

चिठ्ठी बरी, वही वाईट : आमच्या ओळखीचे सातारकडचे एक फोरमन आहेत. वय पन्नाशीच्या आतले, काम उघड्यावरचे. दर वेळी “एकदम ठीक” सांगत. यांनी त्यांना माझ्यासारखी वही घालून दिली. महिन्यात २२ दिवस वेदनाशामक गोळी! विचारल्यावर म्हणाले, “दादा, आजारी म्हटलं की साहेब घरी पाठवतील. मुलीचं लग्न काढलंय.” ते ‘बरे’ वाटत होते ते गोळीमुळे आणि भीतीमुळे. रोजच्या वेदनाशामकांनी पोट आणि मूत्रपिंडाला धोका असतो, हे त्यांना कुणी सांगितलेच नव्हते. वही घेऊन ते डॉक्टरांकडे गेले. रक्तदाब वाढलेला निघाला, त्यावर उपचार सुरू झाले. नोकरी चालू आहे, आणि मुलीचे लग्नही झाले.

आपल्याकडचे दोन अभ्यास

डोकेदुखी म्हणजे नाजूक बायकांचे कौतुक, असे समजणाऱ्यांसाठी : बंगळूरच्या निम्हान्सच्या डॉक्टरांनी कर्नाटकात घरोघरी जाऊन केलेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत वर्षभरात डोकेदुखी झालेल्यांचे प्रमाण ६३.९ टक्के आणि अर्धशिशीचे २५.२ टक्के आढळले. म्हणजे चौघांत एक.

दुसरा अभ्यास दिल्लीच्या एम्सचा, २०२० साली प्रसिद्ध झालेला. अर्धशिशीच्या १६० रुग्णांचे दोन गट केले. एकाला औषधे, दुसऱ्याला औषधे आणि योग. तीन महिने पूर्ण केलेले ११४. योगाच्या गटात महिन्यातली डोकेदुखी सरासरी ९.१ वरून ४.७ वर आली, नुसत्या औषधांच्या गटात ७.७ वरून ६.८ वर. हिट-सिक्स आणि मायडासही योगाच्या गटात जास्त सुधारले. योग करणाऱ्याला आपण योग करतो हे ठाऊक असतेच, तेव्हा समजुतीचा वाटा त्यात असणार, हे ध्यानात ठेवावे. पण मोजण्याची रीत बघा : वही, हिट-सिक्स, मायडास. आपल्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर जे करता येते तेच.

थोडे पैशाचे आणि कायद्याचे

१. अबू धाबीत आरोग्य विमा सक्तीचा आहे. पण पॉलिसीप्रमाणे प्रत्येक भेटीचा काही भाग आपल्या खिशातून जातो. दर दोन महिन्यांनी डॉक्टर बदलणारा प्रत्येक वेळी पहिल्यापासून सुरुवात करतो आणि पैसेही भरतो. वही नेली तर नव्या डॉक्टरलाही मागचे सगळे कळते.

२. २०१८ पासून अर्धशिशीसाठी नवी प्रतिबंधक इंजेक्शने आली आहेत. ती महाग असतात. विमा कंपन्या मंजुरीपूर्वी दुखीचे दिवस आणि आधी घेतलेल्या औषधांचा तपशील बहुधा मागतात. वही तिथे उपयोगी पडते.

३. खासगी नोकरीत २०२१ च्या कामगार कायद्याप्रमाणे, चाचणी काळ संपल्यावर वर्षाला ९० दिवसांपर्यंत आजारपणाची रजा आहे : पहिले १५ दिवस पूर्ण पगारी, पुढचे ३० अर्ध्या पगारी, उरलेले बिनपगारी. कंपनीला तीन कामाच्या दिवसांत कळवावे आणि डॉक्टरांचा दाखला द्यावा.

४. भारतातून गोळ्या आणताना सांभाळा. कोडीन, ट्रॅमाडॉल यांसारखी औषधे येथे नियंत्रित आहेत. ती आणायची तर सरकारची पूर्वपरवानगी आणि डॉक्टरांची चिठ्ठी हवी. शेजाऱ्यासाठी म्हणून कुणाच्या गोळ्या सामानात घेऊ नका.

वही बाजूला ठेवून धावायचे केव्हा?

पुढीलपैकी काही असेल तर चार आठवडे लिहीत बसू नये, लगेच रुग्णालय गाठावे : एकाएकी मिनिटभरात शिगेला पोचलेली, आयुष्यातली सर्वांत भयंकर डोकेदुखी, ताप आणि मान आखडणे, हातपाय लुळा पडणे, बोबडी वळणे, दिसेनासे होणे, शुद्ध हरपणे, फेफरे, डोक्याला मार लागल्यानंतरची डोकेदुखी. तसेच पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली, गरोदरपणात नव्याने आलेली, किंवा खोकताना वाढणारी आणि दिवसेंदिवस चढत जाणारी डोकेदुखी असेल तर डॉक्टरांना लवकर दाखवावे. रुग्णवाहिकेसाठी येथे ९९८ फिरवावा.

शेवटी

मंडळी, माझी अर्धशिशी गेलेली नाही. महिन्यातले नऊ-दहा दिवस ती आजही येते. पण पूर्वी ती किती येते हे मला ठाऊक नव्हते, आणि जे ठाऊक नाही त्याची भीती जास्त. आता डॉक्टरांनी विचारले की मी ‘ठीक है’ही म्हणत नाही आणि ‘कुछ फरक नहीं’ही म्हणत नाही. वही उघडते, चिठ्ठी देते, आणि दोन्ही जुळत नसतील तर का, ते सांगते. पाच मिनिटांच्या तपासणीत एवढे पुरते.

येत्या एक तारखेपासून सुरुवात करा. चाळीस पानी वही पुरे. पर्समधली गोळी राहू द्या, फक्त ती कधी बाहेर काढली ते लिहा. चालू असलेले कोणतेही औषध मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका किंवा वाढवू नका. आणि पुढच्या कार्यक्रमाला भेटाल तेव्हा प्रसादाच्या रांगेत मी पुन्हा विचारणार आहे, “फरक किती पडला?” उत्तर आकड्यात द्यायचे बरं का!